काच फोडून नेलेला लॅपटॉप आणि त्रेसष्ट जणांची कागदपत्रं

म्हापशात माझं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान आहे, छोटंच. हे प्रकरण माझ्या एका गिऱ्हाइकाचं, पण त्यात माझाही हात आहे (कसा ते पुढे येईल), म्हणून त्यांना विचारून लिहितोय. नाव, गाव, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. त्यांना नुसतं ताई म्हणतो, तसंही मी त्यांना ताईच म्हणतो.

शेवट आधीच सांगून टाकतो म्हणजे कोणी उगाच वाट बघायला नको. लॅपटॉप परत मिळाला. आतली डिस्क नाही मिळाली.

पार्श्वभूमी

ताई इन्कम टॅक्स आणि जीएसटीचं काम करतात, एकट्याच, घरातल्या पुढच्या खोलीत. दुकानदार, दोन-तीन कॉन्ट्रॅक्टर, निवृत्त मास्तर, परदेशी जहाजावर असलेल्यांच्या बायका, अशी धरून त्रेसष्ट गिऱ्हाइकं. लॅपटॉप २०१७ चा, सातव्या जनरेशनचा प्रोसेसर, त्यामुळे विंडोज ११ त्यावर चढत नव्हतं, विंडोज १० होम होतं. २०२२ मध्ये तो फार स्लो झाला म्हणून माझ्याकडे आणला तेव्हा मी जुनी हार्ड डिस्क काढून पाचशे बारा जीबीची एसएसडी (म्हणजे जास्त वेगाची डिस्क) टाकली, विंडोज नवीन घातलं, लोकल अकाउंट बनवलं, पासवर्ड काय ठेवू विचारलं तर ताई म्हणाल्या "सोपा ठेव रे, मी विसरते", तर मी घराचं नाव आणि पुढे १२३ असा ठेवून दिला. हसू नका, अर्धा गोवा असाच चालतो.

१२ जुलै २०२४, शुक्रवार. शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार, त्यात पाऊस, पार्किंग कुठे मिळत नाही. ताई एका कॉन्ट्रॅक्टरकडून कागद घेऊन परत येताना भाजी आणि चवळी घ्यायला म्हणून गाडी जरा लांब लावून उतरल्या, बॅग मागच्या सीटवर. वीस मिनिटांत परत आल्या तर मागची काच फुटलेली आणि सीटवर पाणी. पावसात काचेचा आवाज कोणाला ऐकू जातो?

अडचण नेमकी काय

ताईंना वाटत होतं, लॅपटॉप गेला, तीस-चाळीस हजारांचा फटका, आणि ३१ जुलैच्या आत रिटर्न कसे भरणार. डेटाचं त्यांच्या डोक्यातच नव्हतं कारण "पासवर्ड आहे ना त्याला".

इथेच बहुतेक लोक फसतात. विंडोजचा पासवर्ड हे पुढच्या दाराचं कुलूप. डिस्क एनक्रिप्ट केलेली (किल्लीशिवाय वाचताच येऊ नये अशी) नसेल तर मागची भिंतच नाही. ताईंचं मॉडेल खालचं झाकण उघडून चार स्क्रू काढले की एसएसडी हातात, ती तीनशे रुपयांच्या केबलनं दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की सगळे फोल्डर पेनड्राइव्हसारखे समोर. पासवर्ड कोणी विचारतच नाही. मी रोज हेच करतो, लोकांचा डेटा काढून द्यायला. चोरालाही तेच करता येतं.

दुकानात बसवून चहा दिला आणि बॅगेत काय काय होतं ते लिहायला लावलं. यादी वाढत गेली तसा ताईंचा चेहरा उतरत गेला. सगळ्यांचे आधार, पॅन, पासबुकचे स्कॅन. फॉर्म १६. एका एक्सेल शीटमध्ये त्रेसष्ट जणांचे इन्कम टॅक्स आणि जीएसटी पोर्टलचे पासवर्ड, फाइलचं नाव "पासवर्ड". क्रोममध्ये सेव्ह केलेले लॉगिन, जीमेल उघडंच, व्हॉट्सअॅप वेब उघडंच. लॅपटॉपशिवाय तीन गिऱ्हाइकांचे डिजिटल सिग्नेचरचे टोकन (पेनड्राइव्हसारखे असतात, कॉम्प्युटरला लावून ऑनलाइन सही करायला), आणि प्रत्येक टोकनवर छोट्या स्टिकरवर त्याचा पिन. शिवाय बॅकअपची एक्स्टर्नल हार्ड डिस्क, तीही त्याच बॅगेत! बॅकअप घेत होत्या, इमानदारीनं दर शनिवारी, आणि ठेवत होत्या लॅपटॉपच्याच शेजारच्या कप्प्यात.

ताई म्हणाल्या, पीडीएफना पासवर्ड आहेत की. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड असतो नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं वर्ष. ई-पॅनचा असतो जन्मतारीख. ज्या फोल्डरला माणसाचं नाव आहे आणि ज्यात त्याचा पासपोर्ट स्कॅन करून ठेवलाय तिथे हे पासवर्ड किती वेळ टिकणार.

कोणते पर्याय समोर होते

संध्याकाळचे साडेसहा. तोपर्यंत सल्ले सुरू झाले होते.

भाऊ फोनवर म्हणत होता आधी पोलिसांत जा. शेजारचा मोबाईलवाला म्हणाला संचार साथी या सरकारी पोर्टलवर ब्लॉक करा, पण ते आयएमईआय नंबरवर चालतं, मोबाईलसाठी आहे, साध्या लॅपटॉपला आयएमईआय नसतो. मुलगी म्हणाली फाइंड माय डिव्हाइस. ते मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन असेल आणि आधीपासून चालू असेल तरच, आणि तरीसुद्धा फार तर लोकेशन दिसतं आणि लॉक करता येतं, दूर बसून डिस्क पुसता येत नाही. आमच्याकडे लोकल अकाउंट, माझी कृपा. म्हणजे तोही रस्ता बंद.

राहिले दोन, पोलीस आधी की पासवर्ड आधी. मी म्हटलं पासवर्ड आधी. पोलीस स्टेशन रात्रभर उघडं असतं, आणि चोर लॅपटॉप उघडून बसला तर जीमेल त्याला आयतं मिळणार. मला आजही हा निर्णय बरोबरच वाटतो. लोक वस्तूच्या मागे धावतात कारण वस्तू डोळ्यांना दिसते.

पहिले तीन तास

ताईंचा फोन आणि सिम त्यांच्याकडे होतं, हे नशीब. दोन्ही गेले असते तर ओटीपीच आला नसता आणि हे प्रकरण वेगळंच लिहावं लागलं असतं.

सगळ्यात आधी जीमेल, कारण बाकी प्रत्येक गोष्टीचा पासवर्ड रीसेट जीमेलवरच येतो, आणि ती पासवर्डची एक्सेल शीट ताईंनी एप्रिलमध्ये स्वतःलाच मेल केली होती. म्हणजे जीमेल गेलं की डिस्क काढायचेही कष्ट नकोत. फोनवरूनच पासवर्ड बदलला, सिक्युरिटीमध्ये जाऊन डिव्हाइसची यादी उघडली, त्यातून लॅपटॉप साइन आउट केला, टू-स्टेप (पासवर्डनंतर फोनवरून दुसरी खात्री) चालू केलं. मग व्हॉट्सअॅप, लिंक्ड डिव्हाइसमध्ये जाऊन लॉग आउट. याची लोकांना कल्पना नसते, फोन बंद असला तरी लिंक केलेलं व्हॉट्सअॅप तिकडे चालूच राहतं. अर्थात डाउनलोड्समध्ये पडलेल्या फाइल लॉग आउटनं जात नाहीत.

मग नेट बँकिंग. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, बँक बंद, मग रविवार. म्हणून रात्रीच हेल्पलाइनला फोन करून नेट बँकिंग बंद करून घेतलं, सोमवारी शाखेत जाऊन परत चालू केलं.

क्रोमचे सेव्ह केलेले पासवर्ड गुगल अकाउंटमध्येही दिसतात, ती यादी फोनवर उघडली आणि ती आमची कामाची यादी झाली, एकेक बदलायचा आणि काट मारायची. इथे मी एक गोष्ट अडून केली, माझ्या दुकानाच्या कॉम्प्युटरवरून काही करू दिलं नाही. त्याला दिवसभर लोकांच्या व्हायरसवाल्या डिस्क लावलेल्या असतात, त्यावर बँकेचा पासवर्ड टाइप करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. मुलीचा लॅपटॉप मागवला.

रात्री साडेनऊला पोलीस स्टेशन. तिथे सुरुवातीला "हरवल्याची" नोंद करूया असं बोलणं झालं. मी फुटलेल्या काचेचे फोटो दाखवले आणि चोरीच लिहा म्हटलं. नवीन भारतीय न्याय संहिता १ जुलैलाच लागू झाली होती, त्यामुळे कलम शोधण्यातही थोडा वेळ गेला, शेवटी चोरीचं कलम ३०३ लागलं. सिरियल नंबर ताईंकडे नव्हता, बिल कुठे ते माहीत नाही, पण २०२२ च्या माझ्या जॉब कार्डवर मी तो लिहून ठेवला होता. तोच पुढे उपयोगी पडला. आणि तक्रारीत मी हट्टानं लिहायला लावलं की बॅगेत तीन डिजिटल सिग्नेचर टोकन होते आणि गिऱ्हाइकांची ओळखपत्रं होती. नंतर कोणाच्या नावावर काही झालं तर अमुक तारखेला ते चोरीला गेलं होतं हे दाखवायला कागद हवा.

गिऱ्हाइकांना सांगायचं की नाही

हा खरा पेच. आणि इथे आम्ही चुकलो.

ताईंचं म्हणणं, सोमवारपर्यंत थांबू, कदाचित मिळेल, उगाच बोभाटा कशाला. गाव लहान, कामाचा महिना, एकानं फाइल परत मागितली की दहा मागतात. आणि खरं सांगायचं तर सांगायची सक्ती कोणाची नव्हती. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मध्ये झाला होता पण त्याचे नियम निघाले थेट नोव्हेंबर २०२५ मध्ये, त्यामुळे डेटा गेला तर ज्याचा त्याला कळवा हे त्या कायद्यानं तेव्हा लागूच झालं नव्हतं. मी पण मान डोलावली. शनिवार असाच गेला.

रविवारी अडलं ते टोकनवरून. सिग्नेचर रद्द करायचं तर ज्याच्या नावाचं सर्टिफिकेट त्यानं स्वतः ते देणाऱ्या कंपनीकडे अर्ज करायचा असतो, ताई करू शकत नाहीत. त्यात एक कॉन्ट्रॅक्टर त्याच टोकननं सरकारी टेंडर भरतो. पिन स्टिकरवर असलेलं टोकन चोराच्या हातात म्हणजे सही करून दिलेला कोरा कागद. त्याला सांगावंच लागलं. तो आधी चिडला, मग दहा मिनिटांत अर्ज पाठवून मोकळा झाला, आणि म्हणाला, "शुक्रवारीच का नाही सांगितलं?" याला आमच्या दोघांकडे उत्तर नव्हतं.

मग ठरलं की सगळ्यांना सांगायचं, आणि मेसेज फॉरवर्ड करून नाही, एकेकाला फोन करून. पण त्रेसष्टपैकी आधी कोण? ताई म्हणाल्या मोठे पैसेवाले आधी. माझं मत वेगळं पडलं, आणि त्याचं कारण जरा सविस्तर सांगतो कारण ते फार कोणी लक्षात घेत नाही.

गोव्यात काय, कुठेही काय, घर-जमिनीचं विक्रीखत रजिस्टर करताना दोन्ही पक्षांचे फोटो आणि बोटांचे ठसे त्यावर असतात, रजिस्ट्रेशन कायद्यातच तसं आहे. कॅपिटल गेनच्या हिशोबासाठी गिऱ्हाईक विक्रीखताची पूर्ण कॉपी देतं, ताई ती रंगीत स्कॅन करून ठेवतात. आणि आधारवर पैसे काढायची जी सोय आहे, ते छोटं मशीन घेऊन बसलेले लोक असतात ना, तिथे आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोट एवढंच लागतं, ना ओटीपी ना पिन. विक्रीखतावरच्या ठशावरून नकली बोट बनवून खात्यातून पैसे काढल्याचे गुन्हे देशात बऱ्याच ठिकाणी नोंदले गेलेत. आधारवाल्यांनी २०२३ मध्ये ठसा जिवंत बोटाचा आहे की नकली हे ओळखायची नवी पद्धत आणली, तरी आपण त्याच्या भरवशावर का राहायचं. ताईंच्या लॅपटॉपवर आधार, पासबुक आणि ठसे, तिन्ही एकाच फोल्डरमध्ये, वर माणसाचं नाव घालून.

म्हणून आधी ज्यांची विक्रीखतं होती ते अकरा जण. त्यातले सात साठीच्या वरचे. त्यांना फोन करून आधारचं बायोमेट्रिक लॉक करायला, म्हणजे ठशावरून होणारी ओळख बंद करायला सांगायचं. तेव्हा एमआधार अॅपवरून दोन मिनिटांचं काम होतं, पाहिजे तेव्हा उघडताही यायचं. पण दोघांचा मोबाईल नंबर आधारला जोडलेलाच नव्हता, त्यांना आधार केंद्रावर न्यावं लागलं, ताईंच्या मुलीनं नेलं. एका म्हाताऱ्या भाटकारांकडे (आमच्याकडे जमीनदाराला भाटकार म्हणतात) ताई स्वतः गेल्या, घाबरत घाबरत. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "सांगलें तें बरें केलें गो." ताई तिथेच रडल्या म्हणे.

बाकीच्यांना सोमवार-मंगळवारी फोन. बुधवारी आषाढी, तोवर यादी संपली. फोनवर काय बोलायचं ते आम्ही कागदावर लिहून काढलं होतं: काय गेलं, तुमचं त्यात काय होतं, आम्ही काय केलं, तुम्ही काय करायचं. नुसतं "काळजी करू नका" म्हणायचं नाही. लोकांना काम दिलं की ते कमी चिडतात, हे माझं निरीक्षण.

पोर्टलचे पासवर्ड ताई आणि मुलगी मिळून बदलत होत्या, एकेक लॉगिन, प्रोफाइल, नवा पासवर्ड. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर ई-फायलिंग व्हॉल्ट म्हणून सोय आहे, ती चालू केली की नुसत्या पासवर्डनं आत जाता येत नाही, आधार ओटीपी किंवा नेट बँकिंग वगैरे लागतं. ताईंनी ती आधी कधी वापरली नव्हती कारण मग दर वेळी गिऱ्हाइकाला फोन करून ओटीपी मागावा लागतो. आता ज्यांची तयारी होती त्यांची चालू केली, एकोणीस जणांनी हो म्हटलं.

काम कसं उभं राहिलं

बॅकअप बॅगेबरोबर गेला होता. पोर्टलवरून जे उतरवता आलं ते उतरवलं, मेल आणि फोनवरच्या व्हॉट्सअॅपमधून कागद परत गोळा केले, तरी जुनी वर्षं, टॅलीचा डेटा, काहीच नव्हतं.

मंगळवारी रात्री दुकान बंद करताना मला आठवलं. २०२२ मध्ये काढलेली ती जुनी हार्ड डिस्क ताईंनी परत नेलीच नव्हती. माझ्या काउंटरखाली एक खोका आहे, लोक "राहू दे तुझ्याकडे" म्हणून सोडून जातात त्या डिस्क मी त्यात टाकतो. शोधली, सापडली, लावली, चालली. २०२२ पर्यंतचं सगळं जसंच्या तसं. ताईंनी मला देव म्हटलं त्या रात्री. मला मात्र तेव्हा जरा वेगळंच वाटत होतं, कारण दोन वर्षं ती डिस्क माझ्याकडे उघडी पडून होती आणि तिच्यावरही त्याच लोकांचे तेच आधार.

३१ जुलैपर्यंत चार जण सोडून सगळ्यांचे रिटर्न गेले. त्या चौघांची लेट फी ताईंनी स्वतः भरली, तिघांची हजार-हजार आणि एकाची पाच हजार.

पुढे काय झालं

ऑगस्टच्या शेवटी दुसऱ्याच एका प्रकरणात पकडलेल्या माणसाकडे काही लॅपटॉप सापडले, सिरियल नंबरवरून ताईंचा ओळखला गेला. कोर्टात अर्ज, बाँड, या सगळ्यातून ऑक्टोबरमध्ये हातात आला. मी उघडला. झाकणाचे दोन स्क्रू गायब आणि आत माझी पाचशे बारावाली एसएसडी नव्हती, एकशे अठ्ठावीस जीबीची कुठलीतरी दुसरीच होती, क्रॅक विंडोज घातलेली. एक्स्टर्नल डिस्क आणि टोकन मिळालेच नाहीत.

म्हणजे कोणीतरी डिस्क वेगळी विकली. फॉरमॅट करून विकली की तशीच, घेणाऱ्यानं आत बघितलं की नाही, काहीच कळायचा मार्ग नाही. नोव्हेंबरमध्ये एका गिऱ्हाइकाच्या सिबिल रिपोर्टमध्ये (कर्जांची नोंद असते तो) त्यानं न केलेली कर्जाची एक चौकशी दिसली, त्यानं तिथे डिस्प्यूट टाकला, ती निघाली. ते आमच्या डिस्कमुळे की कुठल्या झेरॉक्सच्या दुकानात राहिलेल्या कॉपीमुळे, कोण सांगणार. वर्षाला एक रिपोर्ट फुकट मिळतो हे ताईंनी फोनवर सगळ्यांना सांगितलं होतं म्हणून निदान त्यानं बघितला तरी. दोन गिऱ्हाइकं ताईंना सोडून गेली. कॉन्ट्रॅक्टर अजून आहे.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं माझं. २०२२ मध्ये एसएसडी टाकताना डिस्क एनक्रिप्ट करायला हवी होती. होम एडिशनमध्ये बिटलॉकर (विंडोजचं स्वतःचं डिस्क एनक्रिप्ट करायचं साधन) पूर्ण मिळत नाही आणि त्या जुन्या मशीनला विंडोजचं साधं डिव्हाइस एनक्रिप्शनही नव्हतं, पण व्हेराक्रिप्ट नावाचं तसलंच सॉफ्टवेअर फुकट आहे, होमवर चालतं. मी सुचवलंच नाही, गिऱ्हाइकानं मागितलं नाही म्हणून. ते लॅपटॉपवर आणि बॅकअपच्या डिस्कवरही केलं असतं आणि पासवर्ड धड ठेवला असता तर टोकन सोडून बाकी हे सगळं लिहायचं कारणच उरलं नसतं, काच आणि लॅपटॉपच्या पैशांवर भागलं असतं.

शनिवार फुकट घालवला, ते वर आलंच आहे. एक दिवस वाटतो, पण त्या टोकनसाठी तो दिवस मोठा होता. पासवर्डची शीट नको होती, आणि २०१६ मध्ये काम सोडून गेलेल्या लोकांचे आधार तर अजिबातच नको होते. ताईंना त्यांनाही फोन करावे लागले, आठ वर्षांनी, "मी अमुक बोलतेय, तुमचा आधार माझ्याकडून चोरीला गेला". तो फोन करून बघा एकदा.

आता नवीन लॅपटॉप विंडोज ११ प्रोवर आहे, बिटलॉकर चालू. अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की (डिस्क अडली तर उघडायची किल्ली) प्रिंट करून दिली आणि बजावलं की बॅगेत ठेवायची नाही. ती देवघराच्या खणात आहे. चालेल. आधारच्या जागी आता मास्क्ड आधार (शेवटचे चार आकडे सोडून बाकी झाकलेला) मागतात, जिथे पूर्ण नंबर लागतो तिथेच पूर्ण. बॅकअपची डिस्क एनक्रिप्ट केलेली आणि भावाच्या घरी. टोकन गिऱ्हाइकाकडेच, लागेल तेव्हा तो घेऊन येतो, कुरकुरतो पण येतो.

आणि माझा खोका. त्यात एकतीस डिस्क निघाल्या. कोणाच्या ते निम्म्यांवर लिहिलेलं नाही. ज्यांची नावं आहेत त्यांना फोन लावतोय, नऊ जण येऊन घेऊन गेले, दोघं म्हणाले "फोडून टाक रे", त्या समोर ड्रिल मारून फोडल्या. एका बाईंनी विचारलं, "माझी डिस्क तुझ्याकडे कशी?"

बाकीच्या वीस अजून काउंटरखाली आहेत.